फुटाळ्यावरचा नेफ्रॉन

कळमना, नागपूर
९ जानेवारी

मधु,

तुझं पत्र काल लहानूमामाच्या फळांच्या अडतीवर आलं. पोस्टमननं सगळ्या हमालांसमोर विचारलं, इथं हिमानी कोन आहे, अन् मी हात वर केला. सकाळपासून सगळे मले हिमानीबाई म्हणून राहिले. ठीक आहे. तुमच्या होस्टेलच्या पुष्पलता मॅडमले मैत्रिणीचीच पत्रं चालतात, तं मी मैत्रीण.

तुझा मोबाईल त्या बाईच्या कपाटात कुलपात, अन् आपण एकाच शहरात राहून पोस्टानं बोलून राहिलो. बेसा अन् कळमन्याच्या मधात काय समुद्र आहे? पण पेपर होईपर्यंत येऊ नको म्हणाली, तं नाही येत. मले राग येते हे मात्र लिहून ठेव.

तुझ्या बाबांचं वाचून तं डोकंच फिरलं. यंदा सरकारी मेडिकलची सीट नाही लागली तं पुस्तकं रद्दीत, मिहानमधल्या एखाद्या कंपनीत आत्याच्या ओळखीनं नोकरी, अन् मग स्थळं पाहणार. म्हणजे मेच्या पहिल्या रविवारी तीन तासांचा एक पेपर, अन् त्याच्यावर तू कोनाची ते ठरणार. सीट लागली तं पाच वर्षं तुले कोनी लग्नाचं विचारत नाही. तोवर मी काहीतरी होतो. नाही लागली तं मी इथं संत्र्यांच्या ढिगावर बसून तुझी पत्रिका वाचीन. म्हणून हा अभ्यास जितका तुझा तितकाच माहा समज.

तू लिहिलं, बायोलॉजी रात्री वाचते अन् सकाळी पाटी कोरी. वाईट नको मानू, पण तू काय करून राहिली ते मले इथून दिसते. पिवळ्या पेनानं ओळी रंगवून राहिली. पान पिवळं झालं की वाटते, झालं. काही नाही होत. पुस्तक बंद कर, कोरा कागद घे, आठवते ते काढ. नाही आठवलं तं तशीच बस, तडफड, मगच पुस्तक उघड. जे तडफडून आठवते तेच राहते. दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग दोन-तीन दिवस सोडून, मग आठवड्यानं. निसटायले लागलं की नेमकं तेव्हा जाऊन धरायचं, आधी नाही.

हे झालं सगळ्यांसाठी. आता माह्यं. मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षात सोडलं ते डोकं नव्हतं म्हणून नाही. तोंडी परीक्षेत सरांनी माह्या बापाच्या पानठेल्यावरून टोमणा मारला अन् मी भिंतीवरचा चार्ट फाडून निघालो. त्या चार्टवरचं झुरळाचं पोट मले आजही पाठ आहे. कारण मी बसून कधी काही पाठ केलंच नाही, चालून केलं. डोक्यात पायाखालचा एक रस्ता घ्यायचा. त्याच्यावरच्या एकेका जागी एकेक गोष्ट ठेवायची. पेपरात डोळे मिटून त्या रस्त्यानं निघायचं. जिथं ठेवलं तिथं सापडते.

पण रस्ता असा पाहिजे की जो तू मरेपर्यंत विसरणार नाही. तसे आपल्याजवळ आहेत. व्हरायटी चौकातून बर्डीच्या मेन रोडनं आपण पहिल्यांदा सोबत चाललो, ते आठव. तिथं प्राण्यांचे संघ ठेव. पहिल्या भांड्यांच्या दुकानात भांडे घासायचे स्पंज लटकले होते, तो पोरिफेरा. छत्रीवाल्याची उघडी छत्री म्हणजे जेलीफिश, सिलेंटेराटा. चपलांचे पट्टे, चपटे कृमी. नूडल्सची गाडी, गोल कृमी. अन् काठीवर ओवलेल्या बांगड्या, ज्या तू घातल्या, परत काढल्या अन् म्हणाली नको, घरी विचारतील. त्या वलयांचा अ‍ॅनेलिडा. पुढचं तू लाव. सगळ्या वाटेनं मी तुझ्या डाव्या बाजूले चालून राहिलो होतो, ते विसरू नको.

फिजिक्सचं टेन्शन नको घेऊ. अर्धे मार्क बायोचेच आहेत. बायो पक्की कर, बाकी निघते.

तुझी मैत्रीण,
हिमानी


बेसा
१९ जानेवारी

दुर्गेश,

मॅडमनी पाकीट हातात देताना विचारलं, या हिमानीचं अक्षर असं पहिलवानासारखं काहून आहे. मी म्हटलं, ती कबड्डी खेळते. तर आता तू कबड्डीही खेळतोस.

मी आधी तुझ्या बर्डीला हसले. खोटं नाही सांगत. आमच्या बॅचच्या मुली रंगीत चिठ्ठ्या भिंतीला लावतात, आमची भिंत म्हणजे लग्नाचा मांडव झाली आहे, आणि मी डोळे मिटून चपलांचे पट्टे बघत बसलेली. पण शनिवारच्या चाचणीत संघांवर प्रश्न आला आणि मी व्हरायटी चौकातून निघाले. सगळे मिळाले, एकही हरवला नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा मला उत्तर आठवावं लागलं नाही, दिसलं.

मग खोलीवर येऊन मी रडले. हे कळलं असतं तर दोन वर्षं वाचली असती. बाबा मागच्या रविवारी म्हणाले की हुशार मुलांना तिसऱ्यांदा बसावं लागत नाही. रागावून नाही म्हणाले, हवामान सांगावं तसं म्हणाले. आईनं डब्यातून बेसनाचे लाडू काढले आणि विषय बदलला. ते दर रविवारी दुपारी येतात आणि मी काय शिकले ते विचारतात, आणि मला त्यांच्यासमोर काही सुचत नाही.

मला किडनी येत नाही. नेफ्रॉनच्या कोणत्या नळीतून पाणी जातं, कोणत्या नळीतून मीठ, हे मी शंभरदा वाचलं असेल. एखादी चांगली जागा दे. अशी की दोन नळ्यांचा घोटाळा होणारच नाही.

मधुवंती


कळमना
२७ जानेवारी

मधु,

पाणी कुठून अन् मीठ कुठून म्हणतेस. चाल फुटाळा तलावावर.

आपण तिथं गेलो त्या दिवशी मले कॉलेज सोडल्याचं तुले सांगायचं होतं अन् मी नुसता भुट्टा खाऊन राहिलो होतो. चौपाटीच्या तोंडाशी दिव्यांच्या माळांच्या वायरींचा गुंता होता. तो ग्लोमेरुलस, बारीक रक्तनळ्यांचा गुंता. मागच्या गर्दीनं आपल्याले आत दाबलं, तसंच तिथं दाबानं रक्त गाळलं जाते. तुझा भुट्टा गरम होता, तू दोन्ही हातांची ओंजळ करून धरला. ती ओंजळ म्हणजे बोमनची कॅप्सूल. मग बांधावरची वाकडी वाट, पहिली नळी. इथं कामाचं सारं परत घेतलं जाते. तू तिथं माह्याजवळ दिलेली चावी, रुमाल, ओढणी, सगळं परत घेतलं, कारण मी हरवतो म्हणे.

मग पायऱ्या. पाण्यापर्यंत उतरलो अन् वळून वर आलो, तो हेन्लेचा लूप. उतरताना तुझी चप्पल भिजली. उतरत्या बाजूनं फक्त पाणी जाते. खाली पाण्याजवळ मी सांगितलं. तू रडली. वर आलो तेव्हा तुझे डोळे कोरडे होऊन गेले होते, गालावर नुसतं मीठ होतं. चढत्या बाजूनं फक्त मीठ जाते, पाणी थेंबभर नाही. उतरताना पाणी, चढताना मीठ. याच्यात घोटाळा कसा होईल ते तूच सांग.

वर आल्यावर मी विचारलं, आता काय. तू म्हणाली, परिस्थिती पाहून ठरवू. दुसरी नळी अगदी तेच करते, शरीराले काय पाहिजे ते पाहून घ्यायचं की सोडायचं ठरवते. त्याच्यापुढं पार्किंग, जिथं सगळ्या वाटा एकत्र येतात, ती गोळा करणारी नळी.

जा रोज. तिथं मी बसलोच आहो.

हिमानी, कबड्डीवाली


बेसा
७ फेब्रुवारी

दुर्गेश,

फुटाळ्यावर आता मी रोज जाते. उठल्याबरोबर एकदा आणि जेवण झालं की एकदा. अभ्यासिकेत डोळे मिटून बसते तर मॅडमना वाटतं मी झोपले. पायऱ्या उतरते, पाण्याशी थांबते, वर येते. आधी अडखळत होते, आता धावत जाऊन येते. कधीकधी फिजिक्सच्या तासाला सुद्धा मन तिकडेच जातं.

मागच्या चाचणीत बायोत मी बॅचमध्ये पहिली आले. फळ्यावर नाव लिहिलं होतं, कुणीतरी खडूनं त्याच्याभोवती फूल काढलं. फिजिक्स घसरलं. सर म्हणाले, तिकडेही बघ, एका पायावर उभं राहता येत नाही. बघीन.

अजून जागा पाहिजेत. सेमिनरी हिल्स, अंबाझरी, तुझ्या कॉलेजचा जिना, जे जे आहे ते दे.

मधुवंती


कळमना
२५ फेब्रुवारी

मधु,

तू लिहिलं, फुटाळ्यावर रोज जाते. तू लिहिलं, तासाला मन तिकडेच जाते. असं कोनी लिहिलं तं माणसानं काय समजायचं? मी ते पत्र खिशात घेऊन फिरलो. मले वाटलं तुले राहवून नाही राहिलं, फक्त म्हणता येत नाही. म्हणून आलो रविवारी, तुझे बाबा दुपारी येतात म्हणून सकाळीच.

मृगाच्या बहाराचा संत्र्यांचा माल आला होता, ढिगातली मी हातानं निवडून एक पेटी भरली. गेटवर सांगितलं, हिमानीचा भाऊ आहो. त्या मॅडम तं चांगल्याच बोलल्या, म्हणाल्या कबड्डीवाल्या ताई कशा आहेत. मले काय माहीत तुझे बाबा त्या दिवशी लवकर येऊन मागंच उभे आहेत. त्याईनं मले ओळखलं, तुझ्या मोबाईलमधला फोटो पाहिला होता म्हणे. मी नमस्कार केला. त्याईनं नमस्कार घेतला नाही, चौकीदाराले म्हणाले, "या मुलाला संत्र्यांसकट परत पाठवा."

एवढंच असतं तं मी आलो असतो परत. पण ते तुले म्हणाले, हीच तुझी संगत आहे म्हणून तिसऱ्यांदा बसावं लागते. तेव्हा माह्यं डोकं गेलं. तुमच्या मुलीले जे काही येते ते मी शिकवलं, हे मी साऱ्यांसमोर म्हणालो. अजूनही म्हणतो. पेटी मी नाही फेकली, ती हातातून सुटली.

तू गेटच्या आत उभी राहून संत्र्यांकडे पाहून राहिली होती. माह्याकडे एकदा तरी पाहायचं.

लिही काहीतरी. शिव्या लिही.

दुर्गेश


बेसा
१५ मार्च

दुर्गेश,

तुझं पत्र मेसमधल्या भागीरथाबाईंनी मॅडमच्या आधी उचललं म्हणून मला मिळालं, हे पत्रही त्याच पोस्टात टाकतील. तू उत्तर त्यांच्याच घरच्या पत्त्यावर पाठव, खाली दिला आहे. हिमानी मेली असं समज. मॅडमनी माझ्या खणातली जुनी पाकिटं काढून बाबांना दाखवली आणि बाबांनी तिथेच माझी बॅग भरायला घेतली होती. आईनं हात धरला. मी त्यांच्या पायांशी बसले. मेपर्यंत राहू द्या म्हटलं, त्यानंतर तुम्ही म्हणाल ते. हे मी बोलून बसले आहे, तुला माहीत असावं म्हणून सांगते. आता पेपरच काय तो माझा आहे.

तू विचारलंस की तुझ्याकडे पाहिलं काहून नाही. पाहिलं असतं तर बाबांनी बॅग भरलीच असती.

आणि फुटाळ्याचं. मी तिथे नेफ्रॉनसाठी जात होते, दुर्गेश. मला वाटलं तुला कळेल. सुरुवातीला तू तिथे असायचास. ग्लोमेरुलस मागितला की आधी तुझा चेहरा, भुट्टा, तुझं ते अडखळणं, मग कुठे वायरींचा गुंता. पेपरात एका प्रश्नाला मिनिटसुद्धा मिळत नाही. एका जागी दोन गोष्टी राहत नाहीत, एक दुसरीला ढकलते. म्हणून मी तुला तिथून उठवलं. बर्डीवरूनही. आता लवकर सापडतं.

वाईट वाटून घेऊ नकोस. मला तुझी गरज आहे, तुझ्या रागाची नाही. खाली धडे लिहिले आहेत. जागा दे, पण नुसत्या जागा दे. तू काय म्हणालास आणि मी काय म्हणाले ते लिहू नकोस.

मधुवंती


कळमना
२२ मार्च

मधु,

उठवलं म्हणजे? मी काय चौपाटीवरचा ठेला आहो, महापालिकेची गाडी आली अन् उठवलं?

हे चौथं पत्र आहे. पहिले तीन फाडले. एकात मी लिहिलं होतं की आता तुझं तू पाह. मामा म्हणाला, भाच्या, दोन दिवस झाले तू बोलीत कोनाचाही माल कोनालाही देऊन राहिला, घरी जा. घरी बाप म्हणाला, पानाले चुना लाव. चुना लावून राहिलो तं हाताले भोक पडेपर्यंत लावला.

मग वाटलं, तू म्हणते ते बरोबर आहे. पद्धत माहीच आहे. मलेच कळायला पाहिजे होतं की ज्या जागेवर आधीच कोनी बसलं आहे तिथं दुसरं ठेवलं तं एक पडणार. मी आपला समजून राहिलो होतो की नेफ्रॉन पडेल.

घे. पेशीविभाजन अंबाझरीच्या बांधावर ठेव, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. धागे दिसणं, जोड्या लागणं, जोड्यांत देवाणघेवाण, मग जोड्या सुटून फक्त गुंतल्या तिथं चिकटून राहणं, या सगळ्याले तिथं बाकं आहेत. तिथं काय झालं होतं ते नाही लिहीत. हार्मोन्स कॉलेजच्या जिन्यावर, वरच्या पायरीपासून मेंदूतल्या ग्रंथी, खाली उतरत बाकीच्या. वनस्पतींचे ऊतक सेमिनरी हिल्सच्या रस्त्यावर, झाडंच आहेत तिथं. जनुकांचं तेलंगखेडीच्या हनुमानाच्या रांगेत, चपला ठेवायच्या जागेपासून घंटेपर्यंत. पचनसंस्था मोमिनपुऱ्यातल्या खाण्याच्या गल्लीत, तुले माहीत आहे काहून.

एक सोडून सगळ्या जागा दिल्या. ती एक नाही देत. ती मागूही नको.

पेपर नीट दे. सीट लागली तं तुझ्या बाबांचा शब्द आपोआप पडते, तू वचन दिलं असलं तरी. डॉक्टर होणाऱ्या पोरीची बॅग कोनी भरत नाही.

दुर्गेश


बेसा
१९ एप्रिल

दुर्गेश,

भागीरथाबाई म्हणतात, तुझं पत्र आलं की त्यांचा नातू पाकिटावरचं तिकीट मागतो. एवढंच काय ते तुझ्याबद्दल कुणी प्रेमानं बोलतं इथे.

सगळं बसलं. अंबाझरी पक्की, जिना पक्का. आता पुस्तक उघडतच नाही, डोळे मिटून पूर्ण शहर फिरून येते. फिजिक्सला वेळ कमी पडतो आहे, शेवटच्या चाचणीत ते इतकं खाली गेलं की सरांनी मला बोलावून घेतलं. आता एवढ्या उशिरा तिकडे काय होणार. बायोत सगळेच्या सगळे मार्क घेतले तर अजून जमू शकतं, असा हिशेब मी करते. म्हणून एकही प्रश्न सुटायला नको.

एक धडा उरला आहे. श्वसन. फुप्फुसात किती हवा जाते, किती बाहेर येते, किती उरते, ते चारही आकडे माझ्या डोक्यात एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. होस्टेलची खोली करून पाहिली, मेस करून पाहिली. टिकत नाही. इथे माझ्यासोबत काही घडलंच नाही तर टिकणार काय.

तू जी जागा दिली नाहीस ती मला माहीत आहे. महाराजबागेच्या फाटकाजवळचा पंक्चरवाला. मी तिला अजून हात लावला नाही. तुला न विचारता लावणार नाही.

देशील का?

मधुवंती


कळमना
२४ एप्रिल

मधु,

आंब्याच्या गाड्या उतरून राहिल्या, हाताले चीक आहे, कागदावर डाग पडले तं समजून घे.

तुझं पत्र वाचून पहिले मी नाही असंच लिहिलं. मग विचार केला, तू विचारलं तरी. बाकीच्या जागा तं मी अंदाधुंद वाटल्या, ही एक तू मागितली. अन् नाही दिली अन् एका प्रश्नानं सीट गेली, तं ती जागा ठेवून मी काय करू, तिथं एकटा बसू?

पण देण्याआधी एकदा पूर्ण लिहितो. हे शेवटचं. मग तू उठव.

माह्या गाडीचं मागचं चाक बसलं होतं. पंक्चरवाल्यानं ट्यूब काढली, हवा भरली, पाण्याच्या घमेल्यात दाबून दाबून फिरवू लागला. आपण दोघं उकिडवे बसून बुडबुडे कुठून येतात ते पाहून राहिलो होतो. मी तुले काही विचारलंच नव्हतं. महिनाभर विचारीन विचारीन म्हणून राहिलो होतो. बुडबुडे आले अन् तू पाण्याकडे पाहतच म्हणाली, "हो म्हणून राहिले मी, ऐकलं का." पंक्चरवाला म्हणाला, ऐकलं ताई, इथंच आहे भोक. त्याच्याएवढं कोनी कधी माह्या भल्याचं बोललं नाही.

आता घे. पंप चालू आहे, साधा दट्ट्या, आत-बाहेर. रोजचा श्वास, टायडल, पाचशे मिली. मग तो जोर लावून अजून भरतो, ट्यूब टम्म. ती आत घेता येणारी जास्तीची, अडीच ते तीन हजार. मग तो ट्यूब दोन्ही हातांनी पिळून राहिलेली बाहेर काढतो. ती बाहेर टाकता येणारी जास्तीची, हजार ते अकराशे. अन् कितीही पिळली तरी ट्यूबमध्ये थोडी उरतेच. रेसिड्युअल, अकराशे ते बाराशे. ती माणूस मरेपर्यंत बाहेर निघत नाही.

झालं. दिली.

दुर्गेश


नागपूर, घरून
२३ जून

दुर्गेश,

निकाल लागून आठ-दहा दिवस झाले. तुला कळलं असेलच, आमच्या कॉलनीतला मोहित कळमन्यात आंबे घ्यायला येतो, तो सांगितल्याशिवाय राहत नाही.

बायोत एक प्रश्न चुकला, तोही मी दिलेलं उत्तर खोडल्यामुळे. श्वसनाचा प्रश्न आला होता, उरलेल्या हवेचाच. वाचायच्या आधी उत्तर दिसलं. फिजिक्समध्ये अर्ध्याहून जास्त पान कोरं ठेवलं. सीट लागत नाही, खालच्या यादीतही नाही. सोमवारी सकाळी रद्दीवाल्याला बाबांनीच हाक मारली, आणि तो पुस्तकं तागडीत टाकत होता तेव्हा मी मनातल्या मनात त्याला पानं सांगत होते, कोणत्या पानावर काय आहे. मिहानमध्ये एक तारखेपासून जायचं आहे. तू फिजिक्सचं जे लिहिलं होतंस ते मी काढून दाखवत नाही. ऐकणारी मी होते.

आता जे लिहिते ते नीट वाच, आणि चिडू नकोस.

परवा आईसोबत ऑटोनं महाराजबागेवरून गेले. तो पंक्चरवाला होता, घमेलं होतं. मी ऑटो थांबवायला लावला. आईला म्हटलं, चप्पल तुटली. उतरून तिथे उभी राहिले, कारण मला तिथे उभं राहून बघायचं होतं. आई म्हणाली, काय पुटपुटते आहेस गं. मी टायडल पाचशे म्हणत होते. थांबवायला गेले तर पुढचे आकडे आले. सगळे आले, ओळीनं.

मग एकटीच फुटाळ्यावर गेले. पायऱ्या उतरले आणि वर आले. उतरताना पाणी, चढताना मीठ. तू तिथे मला काहीतरी सांगितलं होतंस आणि मी रडले होते, हे मला माहीत आहे, तू लिहिलं होतंस म्हणून माहीत आहे. धड्याखालच्या टिपेसारखं माहीत आहे. काय वाटलं होतं ते येत नाही. बर्डीला गेले, अंबाझरीला गेले. पूर्ण शहरात कुठेच काही होत नाही मला. सगळीकडे उत्तरं आहेत, आणि विचारणारं कुणी नाही.

तुझ्यावर मला रागही नाही. राग असता तर बरं झालं असतं, काहीतरी असतं.

पुढच्या रविवारी अमरावतीचे लोक बघायला येणार आहेत. मुलगा बँकेत आहे, बाबा म्हणतात शांत आहे. मी शब्द दिला होता आणि बाबांनी त्याची आठवण करून दिली नाही, म्हणजे ते विसरलेले नाहीत. मी अजूनही नाही म्हणू शकते, दुर्गेश. बाबा रागावतील, आई रडेल, पण मी म्हणू शकते. फक्त काहून नाही म्हणते आहे ते मला आठवायला पाहिजे. नुसतं माहीत असून त्यांच्यासमोर तोंड उघडत नाही, मी करून पाहिलं आहे, कपाटाच्या आरशापुढे. वाचून दाखवल्यासारखं होतं.

पाठ कसं करायचं ते तू शिकवलंस. पाठ झालेलं काढायचं कसं ते सांग. जे सांगशील ते करीन, जसं सगळं केलं तसं. रविवारच्या आत सांग.

मधुवंती


कळमना
२७ जून

मधु,

हे पत्र पोस्टानं नाही, मामाच्या गाडीवाल्यासोबत तुमच्या कॉलनीपर्यंत पाठवतो. मोहितजवळ देईल. मी स्वतः येत नाही. आलो तं मी तुझ्या बाबांसोबत भांडीन, अन् तू पुन्हा गेटाच्या आत उभी राहून कुठंतरी दुसरीकडे पाहशील.

तुझं पत्र घेऊन मी फुटाळ्यावर गेलो. पायऱ्या उतरलो. मले नेफ्रॉन बिलकुल दिसला नाही, जरी तो मीच तिथं ठेवला होता. तू दिसली. चप्पल भिजलेली, सगळं. मग पंक्चरवाल्याकडे गेलो, तिथंही तूच. माह्या जागांवरचं काहीच हाललं नाही. मी ते पाठ केलं नव्हतं ना.

तू विचारलं, काढायचं कसं. फिजिक्सच्या वेळी मी न विचार करता लिहून टाकलं होतं, यावेळी दोन दिवस विचार केला. मले येत नाही. मी आजवर एकही गोष्ट विसरलो नाही, तं विसरायची रीत मले कुठून असणार. त्या सरांचं वाक्य विसरता आलं असतं तं मी आज पदवीवाला असतो.

एक माहीत आहे तेवढं सांगतो, कारण तू मागितलं. पाठ केलेलं एकाच रीतीनं जाते. तिथं जायचं नाही. डोळे मिटूनही नाही, ऑटोनंही नाही. बर्डी नाही, अंबाझरी नाही. उजळणी बंद झाली की वर्ष-दोन वर्षांत नळ्या जातील, आकडे जातील, संघ एकेक करून पडतील. पण ते जिथं ठेवलं आहे ती जागाही सोबतच जाईल, अन् जागेखाली मी असलो तं मीही. म्हणजे जाशील तं नेफ्रॉन, नाही जाशील तं काहीच नाही. अन् तुले तं रविवारच्या आत पाहिजे.

मी रात्रभर दुसरंही एक लिहिलं होतं. तू काहून नाही म्हणायला पाहिजे ते. पहिल्या दिवसापासून सगळं, एकेक गोष्ट, तू काय घातलं होतं, काय म्हणाली, कशी हसली. आठ पानं झाली. चांगलं लिहिलं होतं. पाठवलं असतं तं तू ते घेतलं असतं, दार लावलं असतं, पुस्तक बंद करून कोऱ्या कागदावर काढून पाहिलं असतं, रविवारपर्यंत तुले तोंडपाठ झालं असतं, अन् त्या लोकांसमोर तू न अडखळता सांगितलं असतं.

ते मी नाही पाठवत.

दुर्गेश